नाताळात आलेली चाकं

मित्रांनो, अंधेरीच्या कोंडिविटा गावठाणात एका कौलारू घराच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे, गोणपाटात गुंडाळलेली स्केट्सची एक जुनी जोडी पडून आहे. ती मी. हल्ली मुलांच्या पायांत रबरी चाकांचे रंगीत बूट असतात, तशी मी नाही. मी लोखंडाची आहे. आधी पायात साधे बूट घालायचे, मग त्यांच्याखाली मला धरून चामड्याचे पट्टे आवळायचे आणि बूट लहानमोठा असेल त्याप्रमाणे किल्लीने माझी लांबी कमीजास्त करायची. मी धावू लागले की खडखडाटाने गल्लीतली कुत्री उठून बसायची.

चाकांची गोष्ट म्हणजे मौजमजेची असणार, असं तुम्हाला वाटेल. माझी तशी नाही, ती भीतीची आहे. माणूस चेहऱ्यावर हसू आणू शकतो, पण पावलांना ते जमत नाही. मी ज्या पावलांखाली बांधली गेले ती पहिल्या दिवसापासून थरथरत होती आणि ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

माझा जन्म जालंधरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा साच्यात दाबला, भोकं पाडली, चाकांत छरे भरले, पट्टे ओवले आणि पेंढ्याच्या खोक्यातून मला मुंबईला धाडलं. अंधेरी स्टेशनासमोर काशीरामशेठचं खेळांच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या खिळ्याला मी बरेच दिवस टांगलेली होते. साल पंच्याऐंशी. त्या वर्षी आमच्या भागातल्या मुलांना चाकांचं वेड लागलं होतं. डिसेंबर उजाडला, दुकानाच्या काचेवर कापसाचा बर्फ चिकटवला गेला आणि माझ्या शेजारच्या जोड्या एकेक करून निघून गेल्या.

एका संध्याकाळी दुकानात एक नवराबायको आली. तो लिओनार्ड, एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात फिटर. ती सेराफिना, बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला. आपल्या तेरा वर्षांच्या मुलीसाठी, ल्युसीसाठी, नाताळची भेट शोधत होती दोघं.

लिओनार्डने काउंटरवरचा माउथ ऑर्गन उचलला. "सेरा, हे बघ. चर्चात गाते ना ती? हे घेऊया."

"बाजा?" सेराफिना म्हणाली. "तिच्या दोस्तांत हसं होईल तिचं. ते चाकांचं घे, ते वरचं."

"तिनं मागितलं काय तुझ्याकडे?"

"मागत नाय ती. तेच तर. परवा तोंडावर पाणी मारून मारून रडणं लपवत होती. खोदून विचारलं तेव्हा बोलली, 'मम्मी, सगळ्यांकडे हायत.' तेवढंच."

"सगळ्यांकडे हायत म्हणजे हिला पायजेत असं कुठंय?"

"लिओ, पोरगी एकटी पडलीय. शाळेतून येते ती खिडकीत बसते. तुला दिसत नाय काय?"

लिओनार्डने माउथ ऑर्गन हळूच खाली ठेवला. काशीरामशेठ काठीने मला उतरवत म्हणाले, "ताई, यंदा सगळी मुलं हेच नेतायत. ही शेवटची जोडी."

'शेवटची' म्हटल्याबरोबर सेराफिनाने मला छातीशी धरलं. मित्रांनो, मी त्या दोघांचे चेहरे जवळून पाहिले. भेट घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी खुशी असते ती तिथे नव्हती. तिथे धास्ती होती, मुलगी एकटी पडण्याची.

नाताळची सकाळ आली. घरात फुगे, म्हणजे मैद्याचे गोल गोडसर वडे, तळल्याचा वास भरला होता. दारात कागदी चांदणी, कोपऱ्यात बाळ येशूची गव्हाणी. ल्युसीने वरचा कागद फाडला, मला पाहिलं आणि ती डॅडीच्या गळ्यात पडली. सेराफिनाने पदराने डोळे टिपले. लिओनार्डने गुडघ्यावर बसून स्वतः माझे पट्टे लेकीच्या बुटांवर बांधले. ल्युसी हसत होती. पण किल्ली फिरली, माझी पकड तिच्या टाचेवर बसली, आणि मला कळलं की पाऊल गार पडलंय. झाडाचं पान हलावं तशी टाच हलत होती.

आता तिच्या दोस्तांविषयी सांगते. गावठाणाला लागून नव्या इमारतींची कॉलनी झाली होती. तिथे मृणालिनी राहायची, ल्युसीपेक्षा वर्षभराने मोठी. तिच्या काकाने परदेशातून पांढऱ्या बुटांचे स्केट्स पाठवले होते. ते घालून ती कॉलनीच्या आवारात गिरक्या घ्यायची आणि मुलं तिच्याभोवती जमायची. बघता बघता तिचा एक कंपू झाला. ज्याच्याकडे चाकं, तो आपल्यात. कोणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ते माहीत होतं.

त्या कंपूत नंदूही होता. गावठाणातल्या क्रुसामागच्या चाळीत त्याचं घर. वडील दशरथ गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली ती गेली, आता ते एका कंपनीत वॉचमन होते. आई सुगंधा घरी शिवणकाम करायची. नंदू आणि ल्युसी रांगत होती तेव्हापासूनची सोबती. चिंचेवर दोघं, ओहोळात मासे पकडायला दोघं. दिवाळीत नंदूने आईच्या मागे लागून जुने स्केट्स मिळवले आणि तो कॉलनीत जाऊ लागला. ल्युसी मागे राहिली. तिचं खिडकीत बसणं तेव्हापासूनचं.

मी आले आणि ल्युसीलाही कंपूत जागा मिळाली. पहिले काही दिवस ती क्रुसाच्या ओट्याभोवती भिंत धरून धरून शिकली. पडली, गुडघे सोलले, पुन्हा उठली. सपाटीवर ती बरी चालायला लागली. मला वाटलं, सुटली आता भीती. पण जमीन जराशी उतरती झाली की तिची बोटं बुटाच्या आत आखडायची, आणि ती पुटपुटायची, "देवबापा, देवबापा." हे ती कोणाला ऐकू जाऊ द्यायची नाही. कोणी आलं की खांदे उडवून हसायची.

वर्षाचा शेवटचा दिवस होता. गावठाणाच्या नाक्यावर पोरं ओल्ड मॅनच्या, म्हणजे मध्यरात्री जाळायच्या सरत्या वर्षाच्या पुतळ्याच्या, पोटात पेंढा कोंबत होती. दुपारची जेवणं आटपली होती. मृणालिनी आली, तिच्यामागे नंदू आणि कॉलनीतली आणखी दोन मुलं.

"आज लेण्यांचा उतार," मृणालिनी म्हणाली. "वरून सुटायचं ते खाली पुलापर्यंत. सगळ्यांनी हात धरून, एका रांगेत."

महाकालीच्या लेण्यांकडून खाली येणारा तो रस्ता मी कधी पाहिला नव्हता. पण ल्युसीच्या पायांना तो माहीत असावा, कारण ते जागच्या जागी ताठ झाले.

"तिथं खडीचे ट्रक येतात," ल्युसी म्हणाली.

"आत्ता ड्रायव्हर लोक जेवून आडवे झालेले असतात. काय गं, टरकलीस?"

मुलं हसली. नंदूही हसला, पण बळेच. "चल ना यार," तो म्हणाला. "एकदाच. झकास मजा येईल."

ल्युसीने मला खांद्याला अडकवलं आणि ती त्यांच्याबरोबर चढण चढू लागली. एकदा तिने मागे वळून पाहिलं. दारात सेराफिना उभी होती. आपली लेक चार मुलांबरोबर हसत निघालेली पाहून तिने समाधानाने हात हलवला.

वर पोचल्यावर सगळ्यांनी पट्टे बांधले. खाली रस्ता उतरत होता, मध्ये एका वळणाशी झाडीत शिरत होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. ल्युसीने माझे पट्टे आवळले, सोडले, पुन्हा आवळले. नंदू तिच्या शेजारी बसला होता. बाकीची ऐकणार नाहीत अशा आवाजात तो म्हणाला, "ल्युसी, तू परत फिरू नको हां."

"का?"

"तू फिरलीस तर मी पण फिरेन. मग आपली वाट लागली. परत कोणी बोलवणार नाही आपल्याला."

ल्युसीने त्याच्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं, घाबरलेली आपण एकटीच. पण तिने काही म्हणायच्या आत मृणालिनीने हाक दिली आणि सगळे उभे राहिले. एका टोकाला मृणालिनी, मध्ये ती दोन मुलं, मग ल्युसी, आणि दुसऱ्या टोकाला, खाली पुलाचा कठडा ज्या बाजूला येणार होता तिथे, नंदू. ल्युसीच्या उजव्या हातात नंदूचा घामाने ओला झालेला हात होता. त्याचं कापणं तिच्या हातातून अंगात उतरलं, अंगातून पायांत, पायांतून माझ्यात. कोण कोणाच्या भीतीने कापतंय हेच मला कळेना.

मग आम्ही सुटलो.

मित्रांनो, लोखंडाला ब्रेक नसतो. आधी रस्ता सावकाश मागे सरत होता, मग भराभर, आणि मग मला रस्ता दिसेनासाच झाला. छरे तापले. प्रत्येक खड्ड्यात माझी हाडं खिळखिळी होत होती. ल्युसी ओरडत होती, "सोडा, मला सोडा!" पण हात सोडला तर आपण कोलमडू असं वाटून प्रत्येकाने मूठ जास्तच आवळली. वळण आलं. आणि वळणापलीकडून हॉर्न ऐकू आला.

खडीने भरलेला ट्रक चढण चढत होता. रांग तुटली. मृणालिनी आणि ती दोघं मुलं बाजूच्या घाणेरीच्या झुडपांत घुसली. ल्युसीने जिवाच्या आकांताने अंग मागे टाकलं. माझा डावा पट्टा तटकन तुटला, एक चाक वाकलं, आणि ती रस्त्याच्या कडेने घसपटत जाऊन थांबली. नंदू तसाच पुढे गेला. ट्रकला चुकवून तो पुलाच्या दगडी कठड्यावर आपटला. त्या आवाजाने माझं लोखंड गार झालं.

ट्रक धूळ उडवत वर निघून गेला. ल्युसी एक पाय ओढत नंदूकडे धावली. तो डोळे मिटून पडला होता. ती त्याला हलवत राहिली, "नंदू, ए नंदू, बोल ना रे." तो बोलेना. मग थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, सगळ्यांकडे बघितलं आणि हसला. कानामागे हात लावून पाहिला. रक्त नव्हतं.

"काय नाय झालं," तो म्हणाला. "चक्कर आली जराशी."

मृणालिनीच्या केसांत काटे अडकले होते आणि ओठ पांढरे पडले होते. "घरी कोणी सांगायचं नाही," ती म्हणाली. "शपथ घ्या. कळलं तर माझे पप्पा मला हॉस्टेलला टाकतील. सगळ्यांचे स्केट्स जातील."

"माझा बाप तर सोलून काढेल मला," नंदू म्हणाला.

सगळ्यांनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. ल्युसीनेही घेतली. त्या वेळी तिला मेलेलं परवडलं असतं, पण त्या घोळक्याबाहेर पडणं परवडलं नसतं.

घरी येऊन तिने मला खाटेखाली ढकललं. तिथून मला फक्त पाय दिसत होते. सेराफिनाचे पाय चुलीकडून कपाटाकडे जात होते, चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्साची तयारी चालली होती. ल्युसीचे पाय खाटेला चिकटून होते. लांब फ्रॉक गुडघ्यांवरून खाली ओढून तिने खरचटलेलं झाकलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मी लोखंड. मी काय सांगणार?

दिवेलागणीला दारात सुगंधाचा आवाज आला.

"सेराफिनाबाय, खावचो सोडो आसा काय गो तुझ्याकडे? नंदू माझो ओकता सारखो. तुमच्याकडचा गोडधोड लय खाल्ल्यान वाटता."

"हाय की, देते. आता कसा हाय?"

"झोपलो हा. हाक मारलंय तर नीट बोलणा नाय. झोप उडल्यावर बरो होतलो."

खाटेजवळचे पाय उठले. दोन पावलं दाराकडे गेले आणि थांबले. पुन्हा मागे आले. मी तिच्या पायांत बांधलेली नव्हते, तरी त्यांच्यातलं कापणं मला जमिनीतून जाणवत होतं. सोड्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. सुगंधा "येतंय गो" म्हणून वळली.

मग ल्युसी गुडघ्यांवर बसली. तिचा हात खाटेखाली आला, तिने मला ओढून बाहेर काढलं आणि तुटक्या पट्ट्यासकट दोघींच्या मध्ये जमिनीवर ठेवलं.

"काकी, तो खाऊन ओकत नाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की सेराफिनाला वाकून ऐकावं लागलं. "आम्ही उतारावरून आलो. तो पुलावर आपटला. डोकं आपटलं त्याचं. डोळे मिटून पडला होता, बोलत नव्हता."

सुगंधाच्या हातातली पुडी खाली पडली. सेराफिनाने लेकीच्या दोन्ही दंडांना धरलं. मला वाटलं आता मारणार. पण तिने एवढंच विचारलं, "कधी?"

"जेवणं झाल्यावर."

"येशू!" म्हणत सेराफिना अनवाणीच पळाली. सुगंधा तिच्यामागे, ल्युसी दोघींच्या मागे. बाहेर लिओनार्डची हाक ऐकू आली, कोणाला तरी टेम्पो काढायला सांगत होता. मग सगळं शांत झालं. उघड्या दाराशी मी एकटी पडले होते आणि जमिनीवर सोडा सांडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, घरातली माणसं परत आली. नंदूच्या डोक्यात रक्त साकळलं होतं. डॉक्टरांनी डोकं उघडून ते काढलं. अजून उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं, असं ते म्हणाले होते. पण नंदूने डोळे उघडले नव्हते. ते तो उघडेल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात भयाण. ल्युसी जेवेना. दाराबाहेर चप्पल वाजली की ती भिंतीला चिकटायची, कोणती बातमी आली असेल म्हणून. हॉस्पिटलच्या पायरीवर दशरथ तिला म्हणाले होते, "दुपारीच सांगितलं असतंस तर..." आणि वाक्य अर्धंच सोडून ते आत निघून गेले होते. ते अर्धं वाक्य घरात सगळ्यांबरोबर राहायला आलं. आणि एकदा गल्लीत मृणालिनीने तिला गाठलं. मी दाराशीच होते, सगळं ऐकलं.

"शपथ घेतली होतीस ना? आता आमच्यात यायचं नाही."

"नाय येत," ल्युसी म्हणाली. आत येऊन मात्र ती दाराला पाठ लावून कितीतरी वेळ उभी होती.

नंदूने डोळे उघडले तेव्हा ते सांगायला सुगंधा स्वतः आली. हॉस्पिटलातून थेट, केस न विंचरलेले. तिने ल्युसीला कवटाळलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "पाणी मागल्यान माझ्याकडे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "पाणी मागल्यान गो."

त्या संध्याकाळी लिओनार्डने मला उचललं. "हे मी दगडखाणीच्या पाण्यात टाकून येतो," तो म्हणाला. तो रागात होता, आणि तो राग माझ्यावर नव्हता, स्वतःवर होता. "दुकानातच मला वाटत होतं. विचारायला पायजे होतं तुला. बाय, तुला खरंच काय हवं होतं?"

ल्युसी विचार करत राहिली. मग म्हणाली, "डॅडी, तुम्ही विचारलं असतं तरी मी हेच मागितलं असतं. मी खोटं बोलले असते."

लिओनार्ड खाली बसला. मला त्याने मांडीवर ठेवलं.

"मग पुढच्या वर्षी दोनदा विचारीन," तो म्हणाला.

खाणीत टाकण्याऐवजी त्याने मला माळ्यावर ठेवलं; पुढचं सगळं मी तिथूनच, घरातल्यांच्या बोलण्यातून ऐकलं. नंदू टकलू होऊन घरी आला. वाचताना त्याला अधूनमधून डोकेदुखी व्हायची, ती पुढेही राहिली. पण तो चिंचेखाली ल्युसीजवळ येऊन बसू लागला. पावसाळा संपता संपता एकदा मृणालिनीही तिथे आली, दोघांपासून जरा लांब उभी राहिली आणि म्हणाली, "मला पण भीती वाटत होती. वर उभी होते तेव्हाच." ल्युसीने बाजूला सरकून तिला जागा दिली.

पुढचा नाताळ आला. लिओनार्डने विचारलं. ल्युसी म्हणाली, "काही पण." त्याने पुन्हा विचारलं आणि उत्तराची घाई न करता तो तिच्यासमोर बसून राहिला. मग ती म्हणाली, "डॅडी, मला तुमच्या वर्कशॉपात न्याल? ते लेथ मशीन कसं चालतं ते बघायचंय मला." सेराफिना तर बघतच राहिली. एका रविवारी बापलेक गेले आणि संध्याकाळी परतले तेव्हा ल्युसीच्या फ्रॉकवर काळे डाग होते आणि ती थांबता थांबेना इतकी बोलत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी उद्या कोणी भेट आणायला निघेल. नाताळ असेल, दिवाळी असेल, ईद असेल, वाढदिवस असेल. ते विचारतील, काय हवं? पहिलं उत्तर बहुतेक तुमच्या दोस्तांचं असेल. ते तोंडातून निघून गेलं तरी हरकत नाही, पण मग जरा थांबा आणि दुसरं द्या. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही दुसऱ्यांदा विचारायला कंटाळू नका. दोस्तांत राहण्यासाठी जी गोष्ट करताना जीव घाबरतो, ती कोणाला तरी सांगा. दुपारीच सांगा, दिवेलागणीपर्यंत वाट पाहू नका.

माझं म्हणाल तर मी म्हातारी झाले. पट्टे कडक झाले, छऱ्यांना गंज चढला. कधी कोणी हे गोणपाट उलगडलं तर मला भंगारात घालू नका. दोन थेंब तेल द्या, वाकलेलं चाक सरळ करा, तुटका पट्टा बदला. सपाट जागा बघून, ज्याला मनापासून चालायचं असेल अशा कोणाच्या तरी पायाला बांधा. माझ्यात अजून थोडं चालणं शिल्लक आहे.